दोन घटका उशिरा

हे खरं आहे. माझ्याकडे वही आहे.

भुताखेतांच्या गोष्टी मी सांगत नाही. मी सूक्ष्मजीवशास्त्र शिकले. पुढे पंचवीस वर्षं पाण्याचे नमुने तपासायची नोकरी केली. जे मोजता येतं तेवढंच लिहायचं, ही सवय हाडात मुरलेली. इथेही मोजलेलं आणि कानांनी ऐकलेलं तेवढंच सांगते.

तारीख २३ एप्रिल १९९६. वार मंगळवार. जागा मंगळूर. जुन्या बंदराजवळच्या एका स्वस्त लॉजच्या मागची विहीर.

आणि वेळ रात्रीची नव्हती.

दुपारचे सव्वातीन वाजले होते. लख्ख ऊन होतं.

मी तेव्हा तेवीस वर्षांची. आम्ही आष्ट्याचे. वडील जाऊन अकरा वर्षं झाली होती. घरात आई आणि मी, दोघीच. मंगळूरच्या एका कंपनीनं मला पाणी तपासणीच्या नोकरीसाठी मुलाखतीला बोलावलं होतं. आई म्हणाली, "एकटी न्हाई जायचं. मला कानडी येतंय. मी येते."

आईचं माहेर अथणीकडचं. कानडी तिला खरंच येत होतं.

आष्ट्याहून सांगली, सांगलीहून हुबळी, हुबळीहून मंगळूर. तिन्ही गाड्या लाल डब्याच्या. पहाटे घाट उतरलो आणि हवा बदलली. अंगावर ओलं फडकं टाकावं तशी.

बंदर भागात उतरलो तेव्हा साडेआठ वाजले होते. मासळीचा, डांबराचा आणि गंजाचा वास एकत्र येत होता. गटारं तुंबलेली. कौलांच्या थप्प्या, मिठाची पोती, लाकडी होड्यांतून माल उतरवणारे उघडे हमाल. आईनं पदर नाकाला लावला तो तीन दिवस काढला नाही.

"त्रिशले, ह्या वासानंच आपला धर्म बुडायचा बघ," ती म्हणाली.

"श्वास घेऊ नकोस मग."

"तुझी नोकरी लागूस्तोवर न्हाई घेत."

लॉज सुतळीच्या गोदामाच्या वर होतं. आम्हाला परवडेल असं तेवढंच. पाच खोल्या, एक पंखा, तोही कुथत फिरणारा. भिंतींना पोपडे. काडेपेटीतल्या काड्या सादळून पेटत नव्हत्या. धुतलेलं काहीच वाळत नव्हतं. हे लक्षात ठेवा. त्या हवेत काहीच वाळत नव्हतं.

मालक शीनप्पा नावाचे म्हातारे गृहस्थ. त्यांनी आम्हाला नळ दाखवला.

आईनं मान हलवली.

इथे थोडं सांगायला हवं. आम्ही जैन. आई पाणी गाळून प्यायची. दुहेरी कापडाचं गाळणं. पाणी गाळून झालं, की गाळणं उलटं करून, गाळलेल्याच पाण्यानं एका भांड्यात धुवायचं. त्यात पाण्यातले बारीक जीव असतात. त्याला जिवाणी म्हणतात. ती फेकायची नाही. ज्या विहिरीचं पाणी, त्याच विहिरीत परत सोडायची. वरून ओतायची नाही. त्यासाठी तळाला कडी असलेला पितळी तांब्या असतो. तांब्या दोरानं सरळ खाली सोडायचा, पाण्याला टेकला की दोराला हलका झटका द्यायचा. तळाची कडी ओढली जाऊन तो अलगद उलटतो. जीव आपल्या घरी जातात.

नळाच्या पाण्याची जिवाणी परत कुठे सोडणार? म्हणून आई नळाचं पाणी पीत नव्हती. वडील गेल्यापासून तिचा तो नियम होता. अकरा वर्षांत एकदाही मोडला नव्हता. प्रवासात गाळणं आणि कडीचा तांब्या तिच्या पिशवीत असायचाच.

मी हे मानत नव्हते. सूक्ष्मदर्शकाखाली कापडाची भोकं केवढी दिसतात ते मला ठाऊक होतं. पण तिच्याशी वाद घालत नव्हते.

"विहीर न्हाई काय?" आईनं कानडीत विचारलं.

शीनप्पांनी कंबरेची किल्ली चाचपली.

मग त्यांनी मागचं दार उघडलं. जांभ्याची गोल विहीर होती. वर पत्रा टाकलेला. पत्र्यावर दगड.

आईनं त्यांना तिची रीत समजावली. कडीचा तांब्या काढून दाखवला. त्यांनी तो हातात घेतला, कडी बोटानं वाजवली. टण्.

"इल्लीदु इल्ले इरली," ते म्हणाले.

म्हणजे, इथलं इथंच राहू दे.

आई हरखली. "बघ, ह्या माणसालाबी धर्म कळतोय. न्हाईतर तू!"

त्यांना काय म्हणायचं होतं, हे तेव्हा आम्हा दोघींनाही कळलं नाही.

पहिल्या दिवशी मी विहिरीत डोकावले. दुपारी पावणेदोनच्या सुमारास पाणी सगळ्यात खाली होतं. संध्याकाळी जांभ्याचे तीन थर वर आलेलं. मला मौज वाटली. समुद्र शंभर पावलांवर, विहिरीला भरती-ओहोटी लागणारच. मी वहीत वेळ लिहिली. दुसऱ्या दिवशी ओहोटी अडीचला. भरती-ओहोटी रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. शाळेत शिकवतात ते डोळ्यांसमोर दिसत होतं.

गाळण्यात मात्र रोज एक केस निघायचा...

लांब, काळा. हातभर. आईचे केस पिकलेले, विरळ. माझे खांद्यापर्यंत कापलेले.

"कुणीतरी काठावर विंचरत असंल," आई म्हणाली. तिनं तो केससुद्धा जिवाणीबरोबर परत सोडला.

तांब्या सोडताना मी शेजारी उभी होते. तांब्या पाण्याला टेकला. आई झटका देणार, तेवढ्यात दोर आपोआप सैल झाला.

"बघ की," आई खूश होऊन म्हणाली, "कसं अलगद घेतलं."

घेतलं.

मी तिच्याकडे पाहिलं. तिनं तो शब्द सहज वापरला होता.

मंगळवारी सकाळी माझी मुलाखत झाली. बरी झाली. पाचची गाडी होती. तीन वाजता आईनं वाटेसाठी पाणी गाळलं, ट्रंक आवरायला घेतली आणि जिवाणी भरलेला तांब्या माझ्या हातात दिला.

"जा, सोडून ये. हळू सोड."

मी मागे गेले. कुणी नव्हतं. गोदाम बंद. पत्रा मात्र आधीच बाजूला सरकवलेला होता.

तांब्यात पाहिलं. आज एकच केस नव्हता. झुबका होता.

घड्याळ पाहिलं. सव्वातीन. ओहोटीची वेळ. पाणी खूप खाली गेलेलं.

मी दोर सोडायला लागले. एक हात... दोन हात... तीन...

तांब्या अजून पाण्यापर्यंत पोचला नव्हता. दोराला ताण होता. तो कशालाही लागला नव्हता.

आणि खालून आवाज आला.

टण्...

पितळेवर कडी वाजल्याचा.

माझा तांब्या हलला नव्हता. मी श्वास धरून थांबले.

टण्... टण्...

कुणीतरी खाली भांडं धरून थांबलं होतं. घाई नव्हती त्या आवाजात. रोजच्या वेळेला रोजचं माणूस दारात आलं, की ते जसं कडी वाजवतं, तसा.

मी दोर ओढून घेतला. जिवाणी तशीच तांब्यात. मी पळाले.

जिन्यात थांबले. आता हे कुठे टाकू? समोर गटार होतं. पण हात वळेना. मी मानत नव्हते, हे खरं. पण तेवीस वर्षं पाहिलेलं हाताला ठाऊक होतं. जिवाणी गटारात टाकत नाहीत. माझ्या पिशवीत नमुन्याची एक बाटली होती, कॉलेजातली. तीत ओतली. झाकण घट्ट लावलं.

"सोडलीस?" आईनं विचारलं.

"व्हय."

"हळू?"

"व्हय गं."

खोटं बोलायची ती पहिली वेळ.

आष्ट्याला आलो. बाटली दोन दिवस माझ्या टेबलावर होती. खरं तर सूक्ष्मदर्शकाखाली बघायची होती. पण झाकण उघडायचा धीर होईना. तिसऱ्या दिवशी आई देवळात गेलेली पाहून मी कडीच्या तांब्यात ती ओतली आणि आमच्या परड्यातल्या विहिरीत सोडली. अगदी हळू. आईच्या रीतीनं. पाणी ते पाणी, असा विचार केला. जीव मेले नाहीत म्हणजे झालं.

रीत पाळली. विहीर चुकवली.

चार दिवसांनी हरणाबाई आली. ती शेजारच्या रानात कामाला होती आणि प्यायला आमच्या विहिरीचं पाणी न्यायची. घागर तशीच भरलेली परत घेऊन आली होती.

"आवं काकी, हिरीत मीठ वतलंया का काय?"

"येडी का काय तू!" आई हसली.

"चाखून बगा की. लय खारट हाय. पोरांनी चूळ भरून थुकलं."

मी चाखलं. त्याच दिवशी सांगलीला जाऊन माझ्या जुन्या कॉलेजात तपासलं. क्षार मोजले. पुन्हा मोजले. मग सरांना न सांगता तिसऱ्यांदा मोजले.

समुद्रापासून चाळीस कोसांवरच्या विहिरीत खाडीचं पाणी होतं.

घरी येऊन विहिरीच्या पायऱ्यांवर खडूनं खुणा केल्या. दर तासाला पाहत होते. मे महिना, पंप बंद, कुणी पाणी उपसत नव्हतं.

सहा तास पाणी खाली जायचं. सहा तास वर यायचं.

सकाळ, दुपार, रात्र. रोज पन्नास मिनिटांनी पुढे.

मंगळूरच्या पानापुढे मी ते आकडे लिहिले. सरळ गणित करून पाहिलं. वेळा जुळत होत्या... मिनिटांपर्यंत.

त्या दिवशी जेवताना आई म्हणाली,

"रोज दोन घटका उशिरा येते ती."

एक घटका चोवीस मिनिटांची. दोन घटका म्हणजे अठ्ठेचाळीस. माझ्या वहीतले आकडे आईला मी दाखवले नव्हते.

"कोण येते?"

"बाई हाय कुणीतरी. हिरीत कडी वाजवती. मी गेले की थांबती." आई भाकरी मोडत होती. आवाज नेहमीचाच. "तिला कानडी येतं. आपल्याकडचं न्हाई, तिकडचं. अर्धं मला समजत न्हाई."

"काय म्हणते?"

आईनं भाकरी खाली ठेवली.

"इचारती. मला कुणी आणलं."

मी ताटातली भाकरी चिवडत राहिले.

"त्रिशले, तिथली जिवाणी तू तिथंच सोडली होतीस ना?"

"व्हय."

ती दुसरी वेळ.

आईनं माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. मग ताटाला नमस्कार करून उठली. "मग माझंच काय चुकलं असंल. कुणाला तरी घरातनं उठवून आणलं मी. तिला परत सोडल्याशिवाय मी पाणी घेणार न्हाई."

ती सहा मेची दुपार. पारा एकेचाळीसवर होता.

आईनं पर्युषणात तीन तीन दिवसांचे निर्जळी उपवास केलेले. पण ते पावसाळ्यात. आणि वय चाळीस असताना. आता ती छप्पन्नची. साखरेचा आजार. संध्याकाळी डॉक्टर आले, नाडी पाहिली आणि मला बाहेर बोलावून म्हणाले, "दोन दिवस. फार तर अडीच. त्यापुढं मला बोलावू नकोस."

रात्री मी आईपाशी बसून सगळं सांगितलं. तांब्या, आवाज, बाटली. आमच्याच विहिरीत सोडलेली जिवाणी.

ती रागावेल, रडेल असं वाटलं होतं.

"भ्यालीस व्हय गं?" एवढंच म्हणाली. माझ्या डोक्यावरून हात फिरवला. हात कोरडा, तापलेला होता. "मला सांगायचं न्हाईस का... जा. जिथलं तिथं सोड. मी थांबते."

पहाटे तिनं स्वतः विहिरीवर येऊन पाणी गाळलं. पायऱ्या उतरताना मी तिला धरलं होतं. जिवाणी तांब्यात घेतली, तोंडाला कापड बांधलं. कापड बांधण्याआधी मी पाहिलं.

केसांनी तांब्या भरला होता.

पुन्हा सांगली, हुबळी, घाट. रात्रभर तांब्या मांडीवर धरून होते. शेजारच्या बाईनं विचारलं, "गंगाजल हाय काय?" मी मान हलवली. गाडी खड्ड्यात आदळली तरी आतलं पाणी डुचमळत नव्हतं. आतून कुणीतरी धरून बसल्यासारखं...

आठ तारखेला दुपारी बंदरात उतरले. गाडी रस्त्यात बंद पडून पाच तास गेले होते. आई पाण्याविना अठ्ठेचाळीस तास होती.

लॉजचं मागचं दार उघडं होतं. मी आत गेले.

विहीर नव्हती.

जांभ्याचा कठडा पाडलेला. आत फुटकी कौलं, माती, वर सिमेंट. अजून ओलसर होतं.

शीनप्पा मागून आले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. तांब्याकडे पाहिलं.

"तुम्ही गेलात त्या दिवसापासून पाणी चढलंच नाही," ते मोडक्या हिंदीत म्हणाले. "कोरडी पडली. समुद्र इथं, आणि विहीर कोरडी. परवा बुजवली."

"हे आत सोडायचंय. थोडं फोडता येईल का? माझी आई..."

"फोडून काय उपयोग? आता खाली काय आहे? माती."

"कोण होती ती?"

"माहीत नाही. माझे वडील रोज दुपारी एक भांडं पाणी काढून परत सोडायचे. मी सोडायचो. का, ते त्यांनाही माहीत नव्हतं." मग दार लावता लावता हळूच म्हणाले, "मी सांगितलं होतं ना. इल्लीदु इल्ले."

मी धक्क्यावर गेले. सव्वातीन वाजून गेले होते. पंधरा दिवसांनी ओहोटी पुन्हा त्याच सुमाराला येते. ते शास्त्र आहे. पाणी खूप खाली होतं, त्यावर तेलाचे डाग. भरती-ओहोटीचंच पाणी हे, विहिरीत हेच तर यायचं, असं मी स्वतःला समजावलं. कापड सोडलं. तांब्या खाली सोडला. झटका दिला.

काहीच वाजलं नाही.

वर ओढला. तांब्या रिकामा होता. एकही केस दिसला नाही. पाण्यावरही नाही.

समोर फोनचा बूथ होता. आमच्या शेजारी भाऊसोंच्या घरी फोन होता. त्यांनी आईला आधार देऊन आणलं. तिचा आवाज ओळखू येत नव्हता, जीभ टाळ्याला चिकटत होती.

"सोडलीस?"

काचेबाहेर धक्का दिसत होता. खरं सांगितलं असतं, तर तिनं पाणी घेतलं नसतं. अजून एक दिवस. तेवढा दिवस तिच्याकडे नव्हता.

"व्हय, आई."

"त्याच हिरीत?"

"त्याच. हळू सोडली. आता पाणी घे."

ती तिसरी वेळ.

फक्त तिचा श्वास. मग ती म्हणाली,

"मग ती अजून हितं का हाय गं?"

"आई, भास होतोय तुला. पाणी घे. माझी शपथ हाय."

"घेते," ती म्हणाली. "तू सोडलीस म्हणतीस ना... मग घेते."

फोन ठेवता ठेवता तिकडून एक आवाज आला. भाऊसोंच्या घरात विहीर नाही.

टण्.

दुसऱ्या दिवशी घरी पोचले. हरणाबाई दारातच भेटली. "काकी ब्येस हाईत. पानी बी प्याल्या. आन हिरीचं पानी ग्वाड झालं बगा, लय ग्वाड!"

मी परड्यात धावले. आई विहिरीच्या पायरीवर बसली होती. शेजारी बादली. ओंजळीनं पाणी पीत होती. घटाघटा. थेट बादलीतून.

न गाळता.

मी गाळणं आणून तिच्यापुढं धरलं. तिनं ते हातात घेतलं. उलटं केलं, सुलटं केलं. बोटांनी कापड चाचपून पाहिलं.

हे काय असतं, असं बघितल्यासारखं.

मग माझ्याकडे बघून हसली. आणि गाळणं परत दिलं.

विहिरीला पुन्हा कधी भरती आली नाही. पायऱ्यांवरच्या खडूच्या खुणा पावसात धुऊन गेल्या. मंगळूरचं नेमणूकपत्र आलं, ते मी फाडलं.

आई आणखी तीन वर्षं होती. साखर उतरली, तब्येत सुधारली. लोक म्हणायचे, वनवास संपला बाईचा. जेवायची, झोपायची, दारात बसायची. बोलायची फार कमी. त्या तीन वर्षांत तिनं मला त्रिशला म्हणून एकदाही हाक मारली नाही. दोरीवर घातलेलं तिचं लुगडं आष्ट्याच्या कोरड्या उन्हातसुद्धा वाळायचं नाही. आणि तिच्या फणीत केस निघायचे... लांब, काळे, हातभर.

पाणी प्यायला ती रोज स्वतः विहिरीवर जायची. रोज दोन घटका उशिरा.

एकोणीसशे नव्याण्णवच्या दिवाळीनंतर सांगलीच्या दवाखान्यात ती गेली. शेवटच्या दुपारी मी तिचा हात धरून होते. तिनं डोळे उघडले आणि कानडीत काहीतरी विचारलं. तिच्या माहेरचं कानडी नव्हतं ते. तिकडचं होतं. पण तेवढं वाक्य मला समजलं.

मला कुणी आणलं?

मी उत्तर दिलं नाही. आई असती, तर चौथ्यांदा खोटं बोलले असते. पण ती आई होती की नव्हती, हे मला ठरवता येईना.

आता मी साताऱ्यात राहते. तिसऱ्या मजल्यावर, एकटी. इथं विहीर नाही. कडीचा तांब्या फळीवर ठेवलाय. रिकामा, कोरडा, पालथा. टाकवत नाही.

वही मात्र अजून लिहिते.

काल तो तांब्या पाच वाजून वीस मिनिटांनी वाजला. आज सहा वाजून दहाला.

उद्या सातच्या सुमारास वाजेल. तेव्हा घरी थांबायचं नाही, असं मी ठरवलंय.

रोजच ठरवते.